पिस्तुलाला बेतलेलं कातड्याचं होल्स्टर: कोल्हापुरात, घरच्या घरी

आमच्या आबांकडे परवान्याचं पॉइंट ३२ बोअरचं पिस्तूल आहे. शेत गगनबावड्याच्या वाटेवर, वीज रात्रपाळीची, त्यामुळे उसाला पाणी पाजायला अंधारातच जावं लागतं. कमरेला होतं ते दुकानातून आणलेलं नायलॉनचं होल्स्टर, म्हणजे पट्ट्याला अडकवायचं पिस्तुलाचं म्यान, 'सगळ्या पिस्तुलांना बसतं' असं सांगून विकलेलं. एकदा मोटारसायकलवरून उतरताना पिस्तूल त्यातून निसटलं आणि गोठ्यापुढच्या फरशीवर आपटलं. चेंबर, म्हणजे नळीच्या मागची गोळी बसते ती जागा, रिकामं होतं म्हणून निभावलं. त्या रात्री मी ठरवलं, आता होल्स्टर त्याच पिस्तुलाला बेतून करायचं.

तीन होल्स्टरं केली. पहिलं ढिलं झालं, दुसरं वाळताना आकसून वाकडं झालं, तिसरं आबा आज वापरतात. माझ्या दोन चुका तुम्हाला टाळता याव्यात म्हणून सगळं क्रमाने लिहितोय. ज्याच्याकडे परवान्याचं शस्त्र आहे त्याच्यासाठी आणि त्याच्या घरातल्या हौशी हातांसाठी हे आहे. रेंजवर सराव करणाऱ्या पोरांना याची गरज नाही. आपल्या कोल्हापूरच्या नेमबाज राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्ण जिंकलं तो २५ मीटर पिस्तूल प्रकार घ्या, नाहीतर १० मीटरचा. तिथे पिस्तूल पेटीतून येतं आणि पेटीतच जातं, कमरेला लागत नाही.

१. आधी कागद, मग कातडं

होल्स्टर करायला परवाना लागत नाही. त्यात जे बसणार आहे त्याला लागतो. म्हणून सुरुवातीलाच एवढं बघून घ्या:

- मूळ परवाना, त्यावरची मुदत आणि युनिक ओळख क्रमांक
- परवाना कुठल्या हद्दीपुरता आहे: जिल्हा, राज्य की देश
- परवान्यावर लिहिलेला शस्त्राचा क्रमांक आणि प्रत्यक्ष शस्त्रावरचा क्रमांक जुळतो का

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचं तर ते होल्स्टरसारख्या साधनात, अंगाला बांधलेलं आणि पूर्ण झाकलेलं असावं लागतं. शर्टाच्या वर मिरवायचं होल्स्टर करायचंच नाही, मग त्याची नक्षी कितीही देखणी का असेना. निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करायचा आदेश येऊ शकतो, तो आला की होल्स्टर खुंटीला.

आता सगळ्यात मोठा सापळा. "माप घ्यायला दोन दिवस ठेवून जावा" असं कोणी कारागीर म्हणाला तरी पिस्तूल त्याच्याकडे सोडून यायचं नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना नसलेल्या माणसाच्या ताब्यात शस्त्र देणं हा गुन्हा आहे. त्यात तुम्ही अडकालच, तो बिचाराही अडकेल. म्हणून पिस्तूल घरातून हलवायचं नाही. बाहेर जाईल ते त्याचं माप आणि त्याची लाकडी प्रतिकृती.

२. सामान

- साल-हिरड्यात कमावलेलं कातडं, जाडी ३ ते ३.५ मि.मी., साधारण ३० × ५० सें.मी.चा तुकडा (पहिल्यांदा करताय तर थोडं जास्तच घ्या)
- रापी (कातडं कापायची सुरी), आरी (भोकं पाडायचा टोच्या), लाकडी मोगरी (ठोकायला), ६ मि.मी.चा गोल पंच
- १ मि.मी. जाडीचा मेणवलेला नायलॉनचा दोरा, बोथट टोकाच्या दोन सुया
- मधमाशीचं मेण
- चप्पल कारागीर चिकटवायला वापरतात ते सोल्यूशन
- पॉलिश पेपर, १२० आणि ४०० नंबरचा
- व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन), पट्टी, जाड पुठ्ठा, जुनं रेक्झिन
- स्वयंपाकघरातलं चिकटणारं पातळ प्लॅस्टिक
- टोक गोल केलेली लाकडी काडी आणि स्टेनलेस स्टीलचा गुळगुळीत चमचा

शिलाई मशीन लागत नाही. घरचं मशीन सात मि.मी. कातड्यातून सुई पार करूच शकत नाही, प्रयत्नही करू नका.

३. कातडं ओळखा

आपण कोल्हापुरात राहतो हे इथे कामाला येतं. कातडं दोन तऱ्हांनी कमावतात. एक क्रोमच्या क्षारांनी. ते लवकर होतं, मऊ असतं. जाकीट, पाकीट, बुटाच्या वरच्या भागाला चालतं. दुसरं बाभळीची साल आणि हिरडा वापरून. त्याला आठवडे लागतात आणि कोल्हापुरी पायताण त्याचंच होतं. भिजवून आकार दिला आणि वाळू दिलं की साल-हिरड्याचं कातडं तो आकार धरून ताठ होतं. क्रोमचं कातडं वाळलं की पुन्हा लोळागोळा. बाजारातलं मऊसूत, झकपक कातडं बघून भुलायला होतं, पण त्यातून साच्याचं होल्स्टर होत नाही.

परीक्षा सोपी आहे. काठ कापून बघा. साल-हिरड्याचं कातडं आरपार तपकिरी दिसतं, क्रोमच्या कातड्याच्या गाभ्यात निळसर-करडी झाक असते. वरच्या बाजूला पाण्याचा थेंब टाका. तो मुरला आणि तिथे गडद डाग पडला तर कातडं कामाचं. मोत्यासारखा वरच राहिला तर ते रंगवून, लेप देऊन बंद केलेलं आहे, ते परत करा.

सुभाषनगरात ज्या कारागिरांकडे मी बसायला लागलो, त्यांना सगळे तात्या म्हणतात. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातातला तुकडा उलटा केला, पोटाकडच्या कडेला दोन्ही हातांनी ताणला आणि म्हणाले, "ह्ये बघ कसं रबरागत ताणतंय. पोटाचं हाय. तुला पाठीचं पायजे." पोटाचं कातडं सैल विणीचं असतं, भिजवल्यावर ताणतं आणि महिनाभरात होल्स्टरचं तोंड मिटतं. पाठीचंच मागा, दोन पैसे जास्त गेले तरी.

आणखी एक गोष्ट. हाताने कमावलेलं कातडं सगळीकडे सारख्या जाडीचं नसतं. व्हर्नियर सोबत न्या आणि चारी कोपऱ्यांत मोजा. माझ्या पहिल्या तुकड्याची एक बाजू ३.२ निघाली, दुसरी ४.५. पायताणाच्या तळव्याला ते चालतं, तिथे थरावर थर येतात. होल्स्टरमध्ये मात्र एक पाकळी वाकते आणि दुसरी वाकत नाही.

४. लाकडी डमी, आणि त्यातली एक खोच

परदेशात लोक प्लॅस्टिकची तयार प्रतिकृती विकत आणतात. आपल्या सरकारी शस्त्र फॅक्टरीच्या पिस्तुलांची तशी प्रतिकृती मला मिळाली नाही. पण कोल्हापूर हे फाउंड्रीचं गाव आहे. शिवाजी उद्यमनगरात लाकडाचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात ते नमुने, करणारे हात आहेत, आणि पंपाच्या आवरणाचा पॅटर्न कोरणाऱ्याला पिस्तुलाचा बाहेरचा आकार म्हणजे किरकोळ काम.

आधी घरी मापं घ्या. त्याआधी पिस्तूल रिकामं करा, आणि याच क्रमाने: पहिल्यांदा मॅगझिन (मुठीतली गोळ्यांची पेटी) काढा, मग स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढा, मग चेंबरमध्ये डोळ्याने बघा आणि करंगळी घालून चाचपा. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर बाहेर पडलेल्या गोळीच्या जागी मॅगझिनमधली नवी गोळी चेंबरमध्ये जाऊन बसते आणि माणूस समजतो पिस्तूल रिकामं झालं. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला चेंबर दाखवा. आमच्याकडे आई बघते आणि "रिकामं" असं मोठ्याने म्हणते, तेव्हाच मी पट्टी हातात घेतो.

मग पिस्तूल कागदावर आडवं ठेवून पेन्सिल सरळ उभी धरून बाह्यरेषा काढा. पेन्सिल तिरकी झाली की माप दोन मि.मी.ने चुकतं. स्लाइडची रुंदी, मुठीची जाडी, चापाच्या कडीची (चापाभोवतीच्या कड्याची) रुंदी आणि खोली, पुढच्या माशीची (नेम धरायच्या उंचवट्याची) उंची, सेफ्टीचा (चाप अडवणारा) खटका आणि मॅगझिनच्या बटणाची जागा, हे सगळं व्हर्नियरने घेऊन रेषेवर लिहा.

आता खोच सांगतो. माझा पहिला डमी सुरेख झाला होता, सागवानी, कडा अशा धारदार की हात फिरवत राहावा. होल्स्टर केलं, पिस्तूल घातलं, तर ते आत खुळखुळलं. डमी मोजला तेव्हा लांबीला जवळजवळ दोन मि.मी. जास्त भरला. परत गेलो. पॅटर्न करणारे आण्णा क्षणात ओळखून म्हणाले, "आवो, मी श्रिंकेज धरलंय की." बिडाचं ओतकाम थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न करणारे मुळातच तेवढी वाढीव पट्टी वापरतात. त्यांच्या हाताला तीच सवय. चूक माझी होती, मी सांगायला हवं होतं. तुम्ही कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या: "श्रिंकेज धरू नये. मापाला माप." ओतकामाचा पॅटर्न साच्यातून निघावा म्हणून बाजूंना थोडा उतार देतात, तोही नको म्हणून सांगा.

डमीला पॅटर्नचा तांबडा रंग मारून घ्या. एक तर लाकूड पाणी पीत नाही. आणि वाटेत कोणी पिशवीत डोकावलं तरी खरं शस्त्र वाटत नाही. काळा रंग कदापि देऊ नका.

खरं पिस्तूल वापरून साचा काढता येतो असं सांगणारे भेटतील. ओल्या साल-हिरड्याच्या कातड्याला लोखंड लागलं की काळा डाग पडतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची काळी शाई जुने लोक करत, तीच क्रिया इथे होते. कातडं काळं पडतं आणि पिस्तुलावर गंज चढतो.

५. डमीला भरण द्या

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग पिस्तूल होल्स्टरमध्ये अडकतं. ओलं कातडं प्रत्येक खाचेत शिरतं. म्हणून जिथे शिरायला नको तिथे आधीच भरण करायचं.

चापाच्या कडीतली पोकळी लाकडाच्या तुकड्याने जवळजवळ पृष्ठभागापर्यंत भरा. बाहेरून कडीचा आकार हलकासा उमटला की पुरे. कातडं आत चापापर्यंत जाता कामा नये. रिकामी काडतुसं बाहेर पडायची खिडकी एक मि.मी. खोल ठेवून बाकी भरा. माशीपासून स्लाइडच्या मागच्या टोकापर्यंत वरून ६ मि.मी.ची गोल काडी चिकटवा, म्हणजे होल्स्टरच्या आत एक पन्हळ तयार होतं आणि पिस्तूल काढताना माशी कातडं खरवडत नाही. मॅगझिनच्या बटणावर पुठ्ठ्याचे दोन थर लावा, नाहीतर बसल्या बसल्या कातडं बटण दाबतं आणि मॅगझिन सैल होतं. सेफ्टीच्या खटक्यालाही तसंच, तो पिस्तूल घालताना आपोआप सरकता कामा नये.

६. कागदावर बेतणं

नवख्या माणसाने दोन पाकळ्यांचं होल्स्टर करावं, पुढची पाकळी आणि कमरेकडची. एकाच कातड्याची घडी घालून केलेलं दिसतं नेटकं, पण त्याचा बेत चुकला तर सुधारायला जागा राहत नाही.

शिवणीची रेषा कुठे घ्यायची याचा हिशेब असा: पिस्तुलाच्या जाडीचं अर्धं आणि त्यात कातड्याची जाडी. पिस्तूल २८ मि.मी. जाड असेल तर १४, त्यात ३ मिळवले की १७. बाह्यरेषेपासून १७ मि.मी. अंतरावर शिवण. वरच्या बाजूला काडीच्या पन्हळीसाठी आणखी २ मि.मी. शिवणीच्या बाहेर ८ ते १० मि.मी. काठ सोडा.

पट्ट्याच्या खाचा दोन्ही पंखांवर, म्हणजे त्या काठापेक्षा दोन्हीकडे जास्त रुंद सोडलेल्या भागांवर, येतात. पट्टा ४० मि.मी. रुंद असेल तर खाच ४२ लांब आणि ६ रुंद, बाहेरच्या काठापासून किमान १२ मि.मी. आत. पट्टा आधी मोजा. कमरेला साधा पातळ पट्टा असेल तर कितीही चांगलं होल्स्टर झुलत राहतं. जाड, दुपदरी पट्टा घ्या.

चापाची कडी दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकली गेलीच पाहिजे, यात एका मि.मी.चीही सूट नाही. पण मूठ मोकळी हवी. हात घातल्यावर पूर्ण पकड होल्स्टरमध्ये असतानाच बसली पाहिजे, मधल्या बोटाला कातडं आडवं येता कामा नये.

बेत झाला की लगेच कातडं कापू नका. जुन्या रेक्झिनच्या दोन पाकळ्या कापा, स्टेपल मारा, डमी घालून बघा. मी तीन वेळा रेक्झिन फुकट घालवलं, पण कातडं वाचलं.

७. कापणी

रापीला धार हवी. तात्यांकडे रापी दर दहा मिनिटांनी दगडावर जाते. बोथट रापीवर माणूस जोर लावतो आणि ती निसटून हातावर येते.

इथला हमखास सापळा: एकाच बाजूने पुठ्ठा ठेवून दोन्ही पाकळ्या कापणं. दोन्हींची गुळगुळीत बाजू बाहेर यायला हवी, म्हणून दुसऱ्या पाकळीसाठी पुठ्ठा उलटा करायचा. डावखुऱ्यांनी पुढची पाकळी कुठली आणि कमरेकडची कुठली हे पुठ्ठ्यावर लिहून ठेवावं.

८. तोंडाची पट्टी

होल्स्टरचं तोंड मिटणं हा दिसण्याचा दोष नाही, तो धोका आहे. पिस्तूल काढल्यावर तोंड आत दबतं, परत घालताना कातड्याची ती दुमड चापाच्या कडीत शिरते आणि चाप ओढला जातो. जुनी, मऊ पडलेली होल्स्टरं याच कारणाने फेकून द्यायची असतात.

उपाय म्हणून तोंडाशी ३० मि.मी. रुंदीची दुसरी पट्टी शिवा. दाब कमरेचा असतो, म्हणून ती निदान कमरेकडच्या पाकळीला हवीच, दोन्हींना असली तर उत्तम. पट्टीची खालची कड रापीने तिरकी तासून पातळ करा, म्हणजे पिस्तुलाला टोचत नाही. ही पट्टी दोन पाकळ्या जोडायच्या आधी शिवायची. नंतर हात आत जात नाही.

९. चिकटवणं आणि शिवण

जिथे चिकटवायचं ती आतली बाजू पॉलिश पेपरने खरवडा. सोल्यूशन दोन्ही बाजूंना पातळ लावा, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग नेमकं जोडा आणि मोगरीने ठोका. एकदा लागलं की सरकत नाही. खोलीची खिडकी उघडी ठेवा, वास डोक्यात जातो.

शिवणीच्या रेषेवर दर ५ मि.मी.ला खूण करा. आरी सरळ आरपार घाला. तिरकी गेली तर मागची ओळ वाकडी दिसते. एक दोरा, दोन सुया. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया दोन्हीकडून जातात. पुढे एक टाका कुठे झिजून तुटला तरी दुसरा धागा धरून ठेवतो, मशीनच्या टाक्याचं तसं नसतं. दोन्ही टोकांना तीन टाके मागे घ्या.

दोरा किती? पातळ कातड्याला शिवणीच्या तिप्पट पुरतो असं सांगतात. इथे थर सात मि.मी. आहे. प्रत्येक टाक्याला ५ मि.मी. पुढे आणि ७ आरपार, म्हणजे १२, असे दोन धागे. हिशेब पाचपटीच्या जवळ जातो. पाचपट आणि वर हातभर घ्या. शिवणीच्या मधेच दोरा संपण्यासारखा वैताग नाही.

शिवण झाली की पट्ट्याच्या खाचा दोन्ही थरांतून एकदम पाडा. दोन टोकांना पंचने गोल भोकं, मध्ये सरळ काप. गोल टोकामुळे खाच पुढे फाटत नाही. मग काठ १२० च्या पॉलिश पेपरने सारखे करा.

१०. भिजवणं आणि साचा

सगळं होल्स्टर या टप्प्यावर ठरतं, म्हणून सुट्टीचा दिवस धरा. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. नखं आदल्या दिवशी कापा. ओल्या कातड्यावर नखाचा चंद्र उमटला की तो कायमचा.

डमी प्लॅस्टिकमध्ये एक पदरी, सुरकुती न पाडता गुंडाळा. कोमट पाण्यात, म्हणजे बाळाला आंघोळीला चालेल एवढ्याच, होल्स्टर वीस ते तीस सेकंद पूर्ण बुडवा. कढत पाणी चालत नाही. ओलं साल-हिरड्याचं कातडं साधारण ७० अंशांच्या पुढे आक्रसून कडक होतं आणि ते पूर्ववत होत नाही. बाहेर काढून पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवा, पाणी आतपर्यंत मुरू द्या.

मग डमी घाला. तोंड घट्ट वाटेल. डमी डावी-उजवी डुलवत, तळव्याने दाबत आत न्या. दोन्ही पाकळ्यांची शिवण डमीच्या मध्यावर आली आहे ना ते बघा. एका बाजूला सरकली तर आत्ताच सरळ करा.

पहिल्या फेरीत फक्त अंगठ्याच्या पोटाने दाबायचं. स्लाइडच्या दोन कडा, चापाची कडी, नळीचं टोक. बारकाव्यांच्या मागे लागू नका. मी दुसऱ्या होल्स्टरला इथेच घाई केली, चमच्याने रेघा ओढत बसलो, आणि कातडं इतकं ओलं होतं की प्रत्येक रेघ पाच मिनिटांत भरून आली.

अर्धा-पाऊण तास थांबा. कातड्याचा गडद रंग हळूहळू उजळायला लागतो. उन्हात तासभर पडलेला पापड कसा असतो, वाकतो पण बोटाचा ठसा धरतो, तसं ते हाताला लागलं पाहिजे. ही वेळ दुसऱ्या फेरीची. आता लाकडी काडीचं गोल टोक घ्या आणि स्लाइडच्या कडेने लांब, सलग हात फिरवा. चापाच्या कडीभोवती छोटे हात. खिडकीच्या चौकोनाभोवती चमच्याची पाठ. एकाच जागी घासत राहिलात तर कातडं चमकतं आणि जळकं दिसतं, म्हणून दाब द्या, घासू नका. पट्ट्याकडचे पंख कमरेच्या वळणाएवढे हाताने वाकवून ठेवा. सपाट वाळले तर कमरेला कधीच बसत नाहीत. कळशीच्या पोटावर टेकवून ते वळण छान येतं.

लोखंडी अवजार, खिळा, चिमटा यातलं काहीही ओल्या कातड्याला लावू नका.

११. वाळवणं

तासाभराने डमी हळूच काढा, प्लॅस्टिक काढून टाका, आकार तपासा आणि होल्स्टर सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. आकार ढळतोय असं वाटलं तर डमी परत घालून ठेवा. एक रात्र आणि एक दिवस लागतोच. एप्रिल-मेमध्ये उन्हात ठेवायचा मोह होतो. वरचा थर आधी वाळतो, आतला ओलाच राहतो, आणि होल्स्टर केळ्याच्या सालीसारखं वळतं. जूननंतर दोन-तीन दिवस धरा, आणि हवा खेळत नसेल तर बुरशीची पांढरी झाक येते. ती कोरड्या फडक्याने लगेच पुसा.

पूर्ण वाळलं की बोटाच्या पेराने ठोका. लाकडावर ठोकल्यासारखा आवाज आला पाहिजे.

१२. काठ, रंग, तेल

काठ ४०० च्या पॉलिश पेपरने घासा, ओल्या बोटाने किंचित भिजवा आणि जाड कॅनव्हासच्या फडक्याने गरम होईपर्यंत रगडा. वर मेण, पुन्हा रगडणी.

रंग द्यायचाच असेल तर स्पिरिटमध्ये विरघळणारा चामड्याचा रंग पातळ करून दोन हात. मी दिलाच नाही. साल-हिरड्याचं कातडं वापराने स्वतःच मधासारखं होत जातं आणि ते मला फार आवडतं.

तेलाच्या बाबतीत हात आखडता. पायताणाला तेल चोपडायची आपली सवय असते, कारण पायताण मऊ हवं. होल्स्टर कडक हवं. फडक्यावर चार थेंब घेऊन बाहेरून एकदा पुसा, बस्स. आतून अजिबात नको. वर मेणाचा पातळ हात दिला की पावसाचा शिडकावा सोसतो.

१३. चाचणी

पुन्हा तोच क्रम: मॅगझिन, स्लाइड, डोळा, बोट, दुसरा माणूस. गोळ्या दुसऱ्या खोलीत. आणि मग गादीवर उभं राहून:

- रिकामं पिस्तूल घोडा (मागचा हातोडा) चढवून होल्स्टरमध्ये घाला. चापाच्या जागेवर बाहेरून दोन्ही अंगठ्यांनी जोरात दाबा. घोडा पडता कामा नये. पडला तर होल्स्टर बाद, दुरुस्ती करत बसू नका.
- डमी घालून होल्स्टर उलटं करा आणि झटका द्या. डमी जागेवर राहिला पाहिजे. मग तेच रिकाम्या पिस्तुलाने, गादीवर.
- पिस्तूल काढा आणि एका हाताने परत घाला. दुसरा हात तोंड उघडायला लागत असेल तर पट्टी कमी पडली.
- मोटारसायकलवर बसा, गाडीत बसा, उकिडवे बसा. उठल्यावर मॅगझिन पक्कं आहे का आणि सेफ्टी हलली का ते बघा.

नवीन होल्स्टर घट्टच असतं. पिस्तूल निघता निघत नसेल तर डमीला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर आत ठेवा आणि सकाळी पंधरा-वीस वेळा काढ-घाल करा. आतून घासून मोठं करू नका आणि पुन्हा भिजवू नका.

१४. रोजचा वापर

रात्री घरी आल्यावर पिस्तूल होल्स्टरमधून काढून कोरड्या, कुलूपबंद जागी ठेवायचं, होल्स्टर वेगळं. कातडं घाम आणि दमट हवा धरून ठेवतं, त्यातच साल-हिरड्याचा आम्लपणा, आणि आपल्या पावसाळ्यात आठ दिवसांत स्लाइडवर गंजाचे ठिपके दिसतात. आबांनी पहिल्या श्रावणात हे ऐकलं नाही, पुढच्या महिन्यात स्लाइडच्या कडेला तांबडी रेघ होती.

होल्स्टर भिजलं तर सावलीत, डमी आत घालून वाळवा. म्हणून डमी जपून ठेवा. महिन्यातून एकदा तोंडाची पट्टी अंगठ्याने आत दाबून बघा: सोडल्यावर ती लगेच मूळ जागी आली पाहिजे. पट्ट्याच्या खाचांचे कोपरे आणि शिवणीची दोन्ही टोकं डोळ्यांखालून घाला. टाका सुटला असेल तर त्या दिवशी पिस्तूल कमरेला लावू नका, आधी दोन सुया काढा.